कोलॅजन, गव्हाचे प्रथिन, रेशीम: त्वचेवर प्रथिने लावण्यापूर्वी आणि लावताना

पणजी, मडगाव, फोंडा किंवा म्हापसा येथील कोणत्याही बऱ्यापैकी मोठ्या फार्मसीत आज कोलॅजनचे सीरम, रेशमाच्या प्रथिनाचे क्रीम आणि केराटिनचा शॅम्पू सहज मिळतो. वयाबरोबर त्वचेतील कोलॅजन, म्हणजे तिला घट्टपणा देणारे धाग्यांसारखे प्रथिन, कमी होत जाते, ते बाहेरून भरून काढावे, असे विक्रेता सांगतो. या विधानाचा पूर्वार्ध खरा आहे, उत्तरार्ध नाही. ही प्रसाधने कशी वापरावीत, त्यांच्याकडून कोणती अपेक्षा ठेवावी आणि कोणी त्यांच्या वाटेला जाऊ नये, हे सारे त्या उत्तरार्धातील चुकीवरून ठरते.

त्वचेच्या आतल्या थराच्या कोरड्या वजनाचा सुमारे ७० ते ७५ टक्के भाग कोलॅजनचा असतो. कोलॅजनचा अखंड रेणू सुमारे तीन लाख डाल्टन (रेणूचे वजन मोजण्याचे एकक) वजनाचा असतो, तर निरोगी त्वचेच्या सर्वांत वरच्या, जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीच्या मृत पेशींच्या थरातून साधारणपणे ५०० डाल्टनपेक्षा मोठे रेणू आत जात नाहीत. हा आडाखा बॉस आणि माइनार्डी या संशोधकांनी २००० साली मांडला आणि त्वचेवर लावायच्या औषधांच्या बाबतीत तो आजही उपयोगी पडतो. प्रसाधनांत कोलॅजन अखंड वापरत नाहीत, विकरांच्या (एन्झाइमांच्या) किंवा आम्लाच्या साहाय्याने त्याचे तुकडे करतात. वेष्टनावरील ‘हायड्रोलाइज्ड’ या शब्दाचा अर्थ तोच. पण हे तुकडेही बहुधा काही हजार डाल्टनांचे असतात. म्हणजे ते आत उतरून आपल्या कोलॅजनच्या धाग्यांत विणले जाणे शक्य नाही.

तरीही ते निरुपयोगी नाहीत. प्रथिनांचे तुकडे पाणी धरून ठेवतात आणि वाळताना त्वचेवर एक अतिशय पातळ पापुद्रा तयार करतात. त्यामुळे त्वचेतील पाणी कमी उडते, स्पर्श मऊ होतो, बारीक कोरड्या रेषा काही तास पुसट दिसतात. हाच त्यांचा खरा गुण आहे आणि त्यासाठी त्यांचा वापर करण्यात काहीच गैर नाही. मात्र हा परिणाम तोंड धुतल्यावर जातो, हे ठाऊक असावे, म्हणजे मोठी किंमत मोजताना आपण नेमके काय विकत घेत आहोत ते कळते. कोलॅजन टिकवायचे असेल तर गोव्याच्या उन्हात सनस्क्रीनचा नियमित वापर कोणत्याही कोलॅजन क्रीमपेक्षा अधिक उपयोगी आहे, कारण सूर्याचे अतिनील किरणच हे धागे तोडतात. त्वचेला नवे कोलॅजन तयार करायला लावणारे, भरपूर अभ्यासलेले औषध म्हणजे रेटिनॉइड. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे आणि गरोदरपणात घेऊ नये.

पेप्टाइडांचा वर्ग थोडा वेगळा आहे. ही काही मोजक्याच अमिनो आम्लांची छोटी साखळी असते. लोरेन पिकार्ट यांनी १९७३ मध्ये मानवी रक्तात शोधलेले तीन अमिनो आम्लांचे जीएचके हे पेप्टाइड सुमारे ३४० डाल्टनांचे आहे आणि तांब्याशी जोडलेल्या रूपात ते अनेक सीरमांत असते. पामिटॉइल पेंटापेप्टाइड-४ हे त्याहून मोठे, सुमारे ८०० डाल्टनांचे असून त्वचेत मुरावे म्हणून त्याला मेदाम्लाचे शेपूट जोडलेले असते. यांच्या बाजूने काही पुरावा आहे, पण तो माफक आहे. ॲलर्जीच्या दृष्टीने मात्र इतकी लहान साखळी मोठ्या प्रथिनापेक्षा पुष्कळच निर्धोक असते, म्हणून पुढील सावधगिरी प्रामुख्याने मोठ्या प्रथिनांसाठी आहे.

‘रोज खातो, मग लावायला काय हरकत?’

गोव्यात हा प्रश्न हमखास विचारला जातो. मरीन कोलॅजन माशांच्या कातडीपासून आणि खवल्यांपासून काढतात. ज्या घरात दुपारच्या जेवणाला हुमण, म्हणजे मासळीची आमटी, नसेल तर जेवण झाल्यासारखे वाटत नाही, त्या घरातील माणसाला मासळीच्या प्रथिनाची भीती का वाटावी? तर्क सरळ दिसतो, पण तो पुरा नाही, आणि तो कुठे तुटतो हे जपानमधील एका घटनेने दाखवून दिले आहे.

तेथे चेहरा धुण्याचा एक साबण फार लोकप्रिय होता. त्यात गव्हाच्या प्रथिनाचे आम्लाने तोडलेले तुकडे होते, आणि ते पुरेसे बारीक नव्हते. साबण वापरणाऱ्या बहुतेक स्त्रियांना आयुष्यभर गहू खाऊन कधी त्रास झाला नव्हता. साबणाने रोज चेहरा धुताना फेसामुळे त्वचेचा वरचा थर सैल होत होता, आणि त्याच वेळी गव्हाचे प्रथिन डोळ्यांच्या पापण्या, नाक आणि गालांवर चोळले जात होते. काहींना चेहरा धुताना खाज सुटू लागली, पापण्या सुजू लागल्या. पुढे गव्हाचे पदार्थ खाऊन थोडे चालले किंवा काम केले तरी अंगावर पित्त उठणे, श्वास कोंडणे, रक्तदाब एकाएकी खाली येऊन शुद्ध हरपणे असे प्रकार होऊ लागले. २०११ मध्ये तो साबण बाजारातून परत घेण्यात आला. निदान पक्के झालेल्या रुग्णांची संख्या २,००० पेक्षा अधिक होती. साबण थांबवल्यावर अनेकांचा त्रास हळूहळू कमी झाला, पण गव्हापासून दूर राहण्याची पाळी त्यांच्यावर आलीच. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलच्या भोंग्याने ज्यांची सकाळ होते आणि ज्यांचा नाश्ता गव्हाच्या पोईशिवाय होत नाही, त्यांनी ही गोष्ट स्वतःच्या घरात घडल्याची कल्पना करावी.

तोंडावाटे पोटात गेलेल्या प्रथिनाला शरीर बहुतेक वेळा अन्न म्हणून स्वीकारते. तेच प्रथिन फाटलेल्या, सोललेल्या किंवा साबणाने सैल झालेल्या त्वचेतून आत शिरले तर शरीर त्याला परके समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते. एकदा ती तयार झाली की मग ताटातले अन्नही शत्रू ठरते. इंग्लंडच्या एव्हन भागातील मुलांच्या अभ्यासातही, जो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, तान्ह्या वयात पुरळ उठलेल्या त्वचेवर शेंगदाण्याचे तेल असलेली क्रीमे लावण्याचा आणि पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी होण्याचा संबंध दिसून आला. युरोपीय संघाने २०१७ मध्ये प्रसाधनांतील गव्हाच्या प्रथिनाच्या तुकड्यांचे सरासरी वजन ३,५०० डाल्टनांपेक्षा जास्त असू नये असा नियम केला, तो जपानचा अनुभव जमेस धरूनच.

मासळीच्या कोलॅजनबाबत एवढ्या मोठ्या प्रमाणावर असे काही घडलेले नाही, ही दिलासा देणारी गोष्ट आहे. तुरळक उदाहरणे मात्र वैद्यकीय साहित्यात आहेत. प्रथिने आणि भेगाळलेली त्वचा यांचे नाते तर आपल्या मासळी बाजारातही दिसते. सकाळपासून बर्फाच्या पाण्यात हात घालून बांगडे आणि इसवण कापणाऱ्या बाईच्या बोटांच्या पेरांकडे पाहावे. तेथील कातडी पांढरी पडून चिरलेली असते, आणि कित्येकदा नुसते मासे हाताळताच काही मिनिटांत तिथे खाज आणि बारीक पुटकुळ्या येतात. खाद्यपदार्थ हाताळणाऱ्यांच्या हातांवरील या विकाराचे वर्णन डेन्मार्कच्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७६ मध्येच केले होते. त्यात मासळीचा दोष कमी आणि सतत ओल्या राहून फाटलेल्या त्वचेचा अधिक. चेहऱ्याच्या सीरमलाही हाच न्याय लागू पडतो: अखंड त्वचेवर जे चालते ते फाटलेल्या त्वचेवर चालेलच असे नाही.

कोणी ही प्रसाधने स्वतःच्या मनाने वापरू नयेत

ज्यांना मासळी, गहू, दूध, सोयाबीन किंवा अंडे खाऊन पूर्वी कधी अंगावर पित्त उठले असेल, ओठ सुजले असतील किंवा दम लागला असेल, त्यांनी त्या पदार्थापासून काढलेले प्रथिन चेहऱ्याला लावू नये. घरच्या घरी चाचणी करून पाहण्याचाही प्रयत्न त्यांनी करू नये, कारण तीव्र ॲलर्जी असलेल्या माणसाला थोडासा संपर्कही महागात पडू शकतो. ज्यांना सुंगटे (कोळंबी) किंवा तिसऱ्या (शिंपल्या) चालत नाहीत त्यांचा मात्र येथे अनेकदा गोंधळ होतो. सुंगटांची ॲलर्जी बहुधा ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळे होते आणि माशाची मुख्यतः पार्व्हाल्ब्युमिनमुळे. दोन्ही वेगळी असल्यामुळे सुंगटे न चालणाऱ्याला माशाचे कोलॅजन चालणार नाही असे आपोआप ठरत नाही. तरी त्यांनीही डॉक्टरांकडून एकदा खात्री करून घेणे शहाणपणाचे, कारण आपल्याला नेमके काय चालत नाही हे पुष्कळांनी कधी तपासलेलेच नसते.

एक्झिमा (इसब) असलेल्या प्रौढांनी आणि विशेषतः लहान मुलांच्या पालकांनी अधिक दक्ष असावे. बाळाच्या गालांवर किंवा कोपरांच्या घडीत लाल, खडबडीत चट्टे असतील तर त्यावर दूध, डाळीचे पीठ, बदामाची पेस्ट किंवा ‘मिल्क प्रोटीन’ असलेले लोशन लावू नये. शेळीच्या दुधाच्या क्रीमनंतर त्या दुधाच्या पदार्थांची तीव्र ॲलर्जी झाल्याची नोंद आहे. आजीच्या पद्धतीला नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. निरोगी त्वचेच्या बाळाला पिढ्यान्पिढ्या असे न्हाऊ घातले गेले आहे. पण चट्टे असलेल्या बाळासाठी साधे, वास नसलेले मॉइश्चरायझरच योग्य.

वाढ घडवणारी प्रथिने, म्हणजे ग्रोथ फॅक्टर, असलेली सीरमे हल्ली महागड्या क्लिनिकांत सुचवली जातात. त्वचेचा कर्करोग होऊन गेलेल्यांनी ती तज्ज्ञाच्या परवानगीशिवाय लावू नयेत.

वेष्टनावर काय पाहावे

घटकांची यादी इंग्रजी अक्षरांत, बारीक ठशात छापलेली असते आणि जास्त प्रमाणातील घटक आधी येतात. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत कोलॅजन लिहिलेले असले तरी यादीत ते शेवटून दुसरे असेल तर त्याचे प्रमाण नाममात्र आहे असे समजावे. ‘सोल्युबल कोलॅजन’ म्हणजे मोठा रेणू, ‘हायड्रोलाइज्ड कोलॅजन’ म्हणजे तुकडे. गव्हासाठी ‘हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन’ किंवा ‘ट्रिटिकम व्हल्गेर’ हे शब्द येतात. सोया, दूध, रेशीम, केराटिन यांची नावेही अशीच सापडतात, आणि रेशमाचे दुसरे प्रथिन ‘सेरिसिन’ या नावाने असते. अडचण अशी की कोलॅजन गाईगुरांचे, डुकराचे की माशाचे, हे यादीवरून सहसा कळत नाही. ‘मरीन’ असे लिहिले असेल तर ते मासळीचे. काहीच लिहिले नसेल तर कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर विचारावे, आणि स्रोत सांगता येत नसेल तर ते प्रसाधन घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. कोलॅजन बहुतेक वेळा प्राण्यांपासूनच येते, त्यामुळे शाकाहारी माणसांनी, तसेच सोमवार किंवा श्रावण कडकपणे पाळणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. वनस्पतिजन्य कोलॅजन म्हणून जे विकले जाते ते बहुधा सोया, तांदूळ वा गव्हाच्या प्रथिनांचे मिश्रण असते, आणि गहू टाळणारा माणूस नेमका तेथेच फसतो.

भारतात प्रसाधनांना कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० लागू आहेत. देशी मालावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि वापरण्याची अंतिम मुदत असावी लागते. आयात मालावर आयातदाराचे नाव आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक हवा. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाने आणलेली किंवा किनारपट्टीवरील दुकानांत मिळणारी, परक्या लिपीतील वेष्टनाची सीरमे दिसायला सुंदर असतात, पण ज्याची घटक यादी वाचता येत नाही ते चेहऱ्याला लावणे धोक्याचे आहे.

केशरचनेच्या बाबतीत एक वेगळी सूचना. पार्लरमधील केराटिन ट्रीटमेंटमध्ये खरा धोका बहुतेक वेळा केराटिनचा नसून, इस्त्रीच्या उष्णतेने त्या द्रावणातून बाहेर पडणाऱ्या फॉर्माल्डिहाइडचा असतो. डोळे चुरचुरू लागले किंवा घसा खवखवू लागला तर तिथेच थांबवून मोकळ्या हवेत यावे.

चाचणी आणि रोजचा वापर

नवे प्रसाधन थेट चेहऱ्याला लावू नये. कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर थोडेसे लावावे आणि पहिला अर्धा तास लक्ष ठेवावे, कारण प्रथिनांची ॲलर्जी अनेकदा लगेचच गांधी आणि खाज या रूपाने प्रकट होते. काही झाले नाही तर त्याच जागी सकाळ-संध्याकाळ सात दिवस लावत राहावे. संपर्कामुळे होणारा दुसऱ्या प्रकारचा पुरळ उशिरा, दोन ते चार दिवसांनी किंवा आणखी नंतर दिसतो, म्हणून एका रात्रीत चाचणी उरकू नये. चेहरा धुण्याचा साबण वा फेसवॉश असेल तर तो पाण्यात पातळ करून पाहावा, धुऊन टाकायचे पदार्थ त्वचेवर ठेवून चाचणी घेतली तर त्यांनी उगीचच जळजळ होते.

चेहऱ्यावर सुरुवात करताना एका वेळी एकच नवे प्रसाधन घ्यावे आणि पुढच्याआधी किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत. सौम्य फेसवॉशने धुऊन, चेहरा टॉवेलने टिपून, किंचित ओलसर असतानाच सीरमचे तीन-चार थेंब पसरवावेत. चोळू नये. डोळ्यांच्या कडा आणि ओठ टाळावेत, कारण तेथील त्वचा सर्वांत पातळ. वर मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा इतकी दमट असते की जाड कोलॅजन क्रीमने घाम कोंडून घामोळ्या येतात. त्या दिवसांत पाण्यासारखे पातळ सीरम पुरे होते आणि तेलकट त्वचेच्या माणसाला त्यावर वेगळे मॉइश्चरायझर लागतही नाही. उलट डिसेंबर-जानेवारीत, वातानुकूलित कार्यालयात दिवसभर बसणाऱ्यांना प्रथिनाच्या पापुद्र्याचा फायदा अधिक जाणवतो, पण त्यावर क्रीमचा थर हवाच.

ग्लायकोलिक, सॅलिसिलिक यांसारखी आम्ले किंवा रेटिनॉइड नुकतेच सुरू केले असेल आणि त्वचा सोलत असेल, तर ती शांत होईपर्यंत प्रथिनयुक्त सीरम बाजूला ठेवावे. दाढी, वॅक्सिंग, थ्रेडिंग यानंतर एक-दोन दिवस जाऊ द्यावेत. जत्रेतील नाटकांत रात्रभर रंग आणि चिकटवलेल्या मिशा वागवणाऱ्या आपल्या हौशी नटांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते: पहाटे खोबरेल तेलाने घासून रंग उतरवला की गाल आणि ओठावरची जागा सोललेली असते, तेव्हा त्यावर लगेच ‘त्वचा दुरुस्त करणारे’ कोलॅजन सीरम न लावता साधे पेट्रोलियम जेली किंवा मॉइश्चरायझर लावावे. घरी सुयांचा रोलर फिरवून त्यावर सीरम ओतण्याची जी पद्धत व्हिडिओंतून पसरली आहे ती तर पूर्णपणे टाळावी. सुयांनी टोचलेल्या त्वचेत प्रसाधन शिरल्यामुळे चेहऱ्यावर गाठी आल्याचे अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांनी २०१४ मध्ये नोंदवले आहे.

प्रथिन आणि पाणी एकत्र आले की जंतूंना खाद्य मिळते. म्हणून परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) नसलेले, घरी जिलेटिन किंवा तांदळाच्या पाण्यात कालवलेले मिश्रण त्याच दिवशी वापरून टाकून द्यावे. बाटली न्हाणीघरात ठेवू नये, कपाटात किंवा फ्रिजच्या दारात ठेवावी, आणि ड्रॉपरचे टोक गालाला टेकवू नये. उघड्या झाकणाच्या डबीचे जे छोटे चित्र वेष्टनावर असते, त्यातील आकडा बाटली उघडल्यापासूनचे महिने सांगतो. पावसाळ्यात वास, रंग किंवा घट्टपणा बदलला तर तो आकडा संपण्याची वाट पाहू नये.

कोलॅजनची भुकटी पाण्यातून घेण्याबद्दल एवढेच: पोटात तिचे अमिनो आम्ले आणि लहान पेप्टाइडांत रूपांतर होते, ज्यांना मासळी चालत नाही त्यांनी ती घेऊ नये, आणि जेवणातील डाळ, दूध, मासळी यांना तो पर्याय नाही.

त्रास झालाच तर

खाज किंवा लाली येताच भरपूर साध्या पाण्याने धुवावे, त्यावर दुसरे काही लावू नये आणि ते प्रसाधन बंद करावे. पापण्या सुजणे, चेहरा धुताना दर वेळी खाज सुटणे, किंवा सीरम सुरू केल्यानंतर जेवल्यावर पित्त उठू लागणे, या खुणा किरकोळ नाहीत. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला, चक्कर आली, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णाला पाय वर करून झोपवावे. श्वासाचा फार त्रास असेल तर बसू द्यावे, पण उभे करून चालवू नये. अशा तीव्र प्रतिक्रियेत मांडीत दिलेले ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार आहे, ॲलर्जीची गोळी देऊन घरी थांबणे पुरेसे नसते.

डॉक्टरांकडे जाताना बाटलीबरोबर तिचे खोकेही न्यावे, कारण घटकांची पूर्ण यादी आणि बॅच क्रमांक पुष्कळदा खोक्यावरच असतो. आदल्या चार-पाच तासांत काय खाल्ले आणि किती चालले किंवा काम केले हेही लिहून न्यावे. सदोष किंवा बिनपरवाना मालाबाबत गोव्याच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे तक्रार करता येते, आणि त्या वेळी खरेदीची पावती व उरलेले प्रसाधन दोन्ही हाताशी असावे लागते.